दुसरा टर्बो

(भंडारदरा येथे झालेल्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



प्रत्येकाने आपापल्या कामाबद्दल थोडं बोलायचं असं ठरलंय. आधी बोलणाऱ्यांत डॉक्टर होते, वकील होते. मी टर्बो दुरुस्त करतो. संगमनेरला गॅरेज आहे, त्याआधी अकरा वर्षं शारजात होतो. तेव्हा आता थोडं ग्रीसचे हात असलेल्याचंही ऐका.

टर्बोची ओळख मला इथंच झाली. आठवीत सरांनी आपल्याला धरणावर आणलं होतं. विल्सन धरण, १९२६, एवढं पाठ करून आलो होतो आणि अर्ध्यांचं लक्ष डब्याकडे होतं. सर म्हणाले होते, पाण्याच्या जोराने पातं फिरतं आणि त्या पात्याच्या दांड्याला जे जोडाल तेही फिरतं. टर्बो एवढाच आहे. पाण्याच्या जागी इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर. तो एक पातं फिरवतो, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं पातं बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ सालीच याचं पेटंट घेतलं होतं. आज राजूरहून भाजी घेऊन निघालेल्या पिकअपलाही टर्बो असतो.

स्पोर्ट्स गाडीची भूक मोठी. तिला मोठा टर्बो लावला तर वरच्या वेगाला भरपूर हवा देतो, पण खालच्या वेगाला धूर कमी असतो, त्यावर ते जड पातं लवकर फिरत नाही. तुम्ही पाय दाबता, गाडी विचार करत बसते, आणि मग एकदम उधळते. लहान टर्बो लावला तर लगेच जागा होतो, पण वर गेल्यावर त्याचा दम पुरत नाही. यावर काढलेली युक्ती म्हणजे सिक्वेन्शियल ट्विन टर्बो. १९८६च्या पोर्शे ९५९ मध्ये ती होती, पुढे जपान्यांनी माझदा आरएक्स-७ आणि टोयोटा सुप्रामध्ये आणली.

१९९३ची सुप्रा घ्या. तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन आणि दोन टर्बो. सुरुवातीला सहाही सिलिंडरचा धूर एकाच टर्बोला. एकट्याला सगळा जोर मिळतो, म्हणून तो झटकन फिरतो. चार हजार आरपीएमच्या आसपास दुसरा जोडीला येतो आणि पुढे दोघं मिळून हवा भरतात.

हे ऐकायला सोपं आहे. खरी कसरत आहे ती दुसऱ्याला आत घेण्याची. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी विहीर आहे. समजा एका पाइपलाइनवर दोन मोटारी जोडल्यात, मध्ये एनआरव्ही नाही. एक चालू आहे, लाइन भरलेली आहे. दुसरी बंद असताना तिचा कॉक उघडला तर काय होईल? पहिलीने चढवलेलं पाणी दुसरीतून उलटं विहिरीत. म्हणून आधी कॉक बंद ठेवून दुसरी चालू करायची, तिचा दाब चढू द्यायचा आणि मग कॉक उघडायचा. सुप्रातही तेच. साडेतीन हजारांच्या सुमाराला थोडासा धूर दुसऱ्या टर्बोकडे वळवतात, पण त्याची हवा इंजिनात जाऊ देत नाहीत. तो नुसता फिरत राहतो, तयार होतो. मग दोन्ही बाजूंच्या झडपा उघडतात. चालवणाऱ्याला यातलं काही कळत नाही, कळलं तर गाडी बिघडलेली असते.

या झडपा उघडतं कोण? हवेच्या दाबावर चालणारे डबे, त्यांना हुकूम देणारे सोलेनॉइड, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या करंगळीहून बारीक रबरी नळ्या. लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या पात्यांचा कारभार त्या नळ्यांच्या हातात, तोही इंजिनाच्या भट्टीशेजारी.

शारजात एक ओमानी तरुण मस्कतहून जुनी जपानी स्पोर्ट्स गाडी घेऊन आला. कोणती ते सांगत नाही, कारण चूक गाडीची नव्हती. चार हजारांपर्यंत पळायची, पुढे दम सोडायची. मी चालवून पाहिली आणि दहा मिनिटांत सांगितलं, दुसरा टर्बो गेला. तोपर्यंत हाताखाली शेकडो टर्बो गेले होते, मला विचारणार कोण? दोन्ही बदलले. त्याने पैसे दोन हप्त्यांत दिले. तिसऱ्या दिवशी गाडी परत, दुखणं तेच.

त्या रात्री एकेक नळी सोडून हातपंपाने तपासली. एका नळीला, वाकलेल्या जागी खालच्या बाजूने, नखाएवढी चीर होती. दाब तिथून निसटत होता, डबा झडप उघडत नव्हता, दुसरा टर्बो धूर मिळेल म्हणून वाट बघत बसलेला. वीतभर नळी बदलली आणि गाडी सुटली. मग भंगारात टाकलेला त्याचा जुना टर्बो काढला. दांड्याला खेळ नाही, तेलाचा थेंब नाही. बोट लावलं तर गरगर फिरला.

फोरमन म्हणाला, बोलू नकोस. आणि मी बोललो नाही. सकाळी तो आला तेव्हा "थोडं सेटिंग राहिलं होतं" म्हणालो. त्याने माझा हात धरून आभार मानले, चहा पाजला. तो चहा मी प्यायलो. हे मी घरीही सांगितलेलं नाही, आज तुमच्यासमोर सांगतोय.

सुप्रा आणि आरएक्स-७ दोन्ही २००२मध्ये बंद झाल्या. लहान-मोठ्या टर्बोची जोडी पुढे डिझेलमध्ये रुळली. चाकणला जुळणी होणाऱ्या मर्सिडीज ई २५० सीडीआयमध्ये होती. माझ्याकडे येतात ते बहुतेक पिकअप आणि ट्रॅक्टर. त्यांना एकच टर्बो, पण नळ्या त्यांनाही असतात. त्या आधी बघतो, आणि टर्बो काढायची वेळ आलीच तर गिऱ्हाइकाला बोलावून त्याच्याच हाताने दांडा हलवून बघायला लावतो. निम्मे वैतागतात, टाइम नाही म्हणतात.

तो ओमानी टर्बो मी परत येताना बॅगेत घालून आणला. विमानतळावर हे काय आहे ते समजावताना घाम फुटला होता. आज सोबत आणलाय, तिकडे हारांच्या टेबलावर ठेवलाय. जेवण झाल्यावर बोट लावून फिरवून बघा. सर, पहिलं तुम्ही.