पार्ल्याचा खटला आणि मतदार यादीतलं एक नाव

दिल्लीत राहून निवडणूक कायद्यावर बोलायचं म्हटलं की दोन पत्ते येतातच: अशोक रोडवरचं निर्वाचन सदन आणि टिळक मार्गावरचं सुप्रीम कोर्ट. आजचा खटला या दोन्ही दारांतून गेला. सुरू मात्र झाला आपल्या विलेपार्ल्यात.

डिसेंबर १९८७ मध्ये तिथे विधानसभेची पोटनिवडणूक झाली. शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू जिंकले, काँग्रेसचे प्रभाकर कुंटे हरले. कुंट्यांनी मुंबई हायकोर्टात याचिका केली. आक्षेप होता बाळासाहेब ठाकरे यांच्या प्रचारसभांतल्या भाषणांवर: धर्माच्या नावावर मतं मागितली आणि दोन समाजांत द्वेष पसरवला. १९८९ मध्ये हायकोर्टाने निवडणूक रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम केला. ज्या विधानसभेसाठी हे सगळं झालं, तिची मुदत १९९० मध्येच संपली होती!

आता नीट ऐका, कारण इथे वकील मंडळीही कधीकधी घोटाळा करतात. हा फौजदारी खटला नव्हता. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३ ‘भ्रष्ट आचरण’ सांगतं. त्याचा निवाडा निवडणूक याचिकेत होतो आणि त्यात तुरुंगवास नसतो. पुरावा मात्र फौजदारी खटल्याइतकाच पक्का लागतो. निवडणुकीच्या निमित्ताने समाजासमाजांत तेढ पसरवणं हा कलम १२५ खाली स्वतंत्र गुन्हाही आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. म्हणजे एकाच भाषणाला दोन दारं आहेत. याचिकेचं दार मतदाराला किंवा उमेदवाराला स्वतः ठोठावता येतं, पण निकालापासून ४५ दिवसांतच. गुन्ह्याच्या दारावर पोलीस उभे असतात, आणि पोलीस कोणाच्या हाताखाली असतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

ठाकरे तर उमेदवारही नव्हते. पण कलम ९९ प्रमाणे कोर्ट नोटीस देऊन, बाजू ऐकून, भ्रष्ट आचरण करणाऱ्या तिऱ्हाईताचंही नाव निकालात घेऊ शकतं. मग प्रकरण राष्ट्रपतींकडे जातं आणि राष्ट्रपती निवडणूक आयोगाचं मत मागवतात. जुलै १९९९ मध्ये आदेश निघाला: सहा वर्षं निवडणूक लढवायची नाही आणि मतदानही करायचं नाही. मुदत डिसेंबर १९९५ पासूनच मोजली, त्यामुळे निम्म्याहून अधिक काळ आधीच सरला होता. तरी त्याच वर्षीच्या लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत ज्यांच्या शब्दावर लाखो मतं पडत, त्यांना स्वतःचं मत देता आलं नाही. माझ्या मते कैदेपेक्षा ही शिक्षा लोकशाहीला अधिक शोभणारी आहे. दिरंगाई मात्र शोभणारी नव्हती. पुढे अशी प्रकरणं तीन महिन्यांत राष्ट्रपतींपुढे ठेवण्याची अट कायद्यात घातली गेली.

मग फौजदारी कलमांचं काय? ती १९२० मध्ये इंग्रजांनी दंडसंहितेत घातली. मतासाठी लाच दिली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. नुसतं खाऊपिऊ घातलं तर फक्त दंड. उमेदवाराच्या परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर पैसा उधळला तर पाचशे रुपये! हे पाचशे शंभर वर्षं पाचशेच राहिले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते दहा हजार झाले. आजच्या एका सभेच्या मांडवाचा खर्च आठवून पाहा.

पण लाचेच्या कलमाला एक लपलेला दात आहे. कलम ८ प्रमाणे या गुन्ह्यात नुसता दंड झाला, तरी दोषी ठरल्यापासून सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. म्हणून उमेदवाराला दंडाची नव्हे, दोषसिद्धीची भीती वाटते. ती सिद्ध व्हायला पाकीट घेणाऱ्यानेच साक्षीला उभं राहावं लागतं, आणि कायद्याने लाच घेणाराही गुन्हेगारच. तो कशाला येईल कोर्टात?

पुढच्या वेळी पार्ल्याच्या शेजारच्या सांताक्रूझकडे जाऊ. तिथल्या १९९० च्या निवडणुकीतून निघालेला ‘अभिराम सिंह’ खटला २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींपुढे चार विरुद्ध तीन असा सुटला.