पाणी निवळेपर्यंत

आज आम्ही रंगाच्या पातेल्याविषयी बोलणार आहोत.

आमचा गट माणदेशातला. मेंढरं घरची, नाहीतर शेजारची. लोकर पूर्वी सनगरांकडे घोंगड्यांसाठी जायची. आता भाव इतका पडलाय की कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही, म्हणून बरीच लोकर तशीच टाकून देतात. त्यातली पांढरी आणि करडी निवडून आम्ही सूत काढतो, रंगवतो आणि पूजेची आसनं विणून घेतो.

गेल्या दिवाळीआधी ३० आसनांची मागणी आली. लाल हवी होती. शेवटचा घाणा रंगवताना गॅस संपत आला आणि आम्ही पातेलं पंधरा मिनिटांतच उतरवलं. पाणी अजून लालभडक होतं. वाटलं, जादाचा रंग असेल, जाऊ दे मोरीत. पुढं काय झालं, तर पूजेला बसलेल्या यजमानांच्या पांढऱ्या धोतराला लाल डाग! १२ आसनं परत आली, पैसे परत द्यावे लागले. गटाच्या बैठकीत कुणी कुणाकडं बघेना.

चूक कुठं झाली ते नंतर कळलं, तेच आज सांगतो.

लोकर आणि रेशीम रंगवायला जो रंग मिळतो त्याला दुकानदार ॲसिड डाय म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका. संडास धुवायचं ॲसिड यात नसतं. ढोकळ्यात घालतो ते लिंबूफूल किंवा साधं व्हिनेगर, एवढंच यातलं आंबट. हा रंग प्राण्यापासून मिळालेल्या धाग्यालाच धरतो, म्हणजे लोकर आणि रेशीम. नायलॉन कारखान्यातलं असूनही त्यालाही धरतो. सुताला मात्र धरत नाही. आमच्या एका आत्याबाईंनी सुती दोरीही त्याच पातेल्यात सोडली होती, ती धुतल्यावर फिक्कट गुलाबी निघाली. आणि तोरणासाठी बाजारातून लोकरीचे गुंडे आणतो ना, ते बहुतेक ॲक्रिलिकचे असतात, तेही रंगत नाहीत. शंका असेल तर एक धागा चिमट्यात धरून जाळून बघा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटानं चुरगळली, तर लोकर किंवा रेशीम. वितळून कडक मणी झाला, तर ती कारखान्याची.

आता माप. अर्धा किलो कोरड्या लोकरीला मध्यम छटेसाठी ५ ग्रॅम रंग, गडद हवा तर १० ते १५. लिंबूफूल १५ ग्रॅम, पाणी १५ लिटर. ५ ग्रॅम घरच्या तराजूत कसं मोजणार? आम्ही १० ग्रॅमची पुडी १ लिटर गरम पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवतो. मग अर्धा लिटर ओतलं की झाले ५ ग्रॅम. चिमटीनं रंग टाकला, की दुसऱ्या घाण्याला तीच छटा पुन्हा येणं नाही. आणि करड्या लोकरीवर लाल घातला तर मरून उतरतो, हे गिऱ्हाइकाला आधीच दाखवून ठेवावं.

लोकर आधी रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवा. सोडा, धुण्याची पूड नको, त्यानं लोकर खराब होते. सनगरांकडून आलेल्या सुताला चिंचोक्याची खळ असेल तर ती पुरती काढा, नाहीतर रंग डागाडागानं बसतो. मग तासभर पाण्यात भिजू द्या.

पातेलं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमला आंबट लागतं, तांब्या-लोखंडानं छटा बिघडते. आणि एकदा रंगाला वापरलेलं पातेलं, पळी पुन्हा स्वयंपाकात न्यायची नाही. यावरून आमच्या एकीचं सासूबाईंशी चांगलंच वाजलं होतं. शेवटी गटानं भंगारवाल्याकडून एक मोठं पातेलं घेतलं. पुडी उघडताना पंखा बंद, नाकातोंडाला ओला रुमाल, हातात मोजे आणि पोरं लांब. पाकिटावर रंगाचं नाव, नंबर आणि कंपनी नसेल तर सुटी पुडी आणूच नका. काही ॲझो रंगांपासून कर्करोग होऊ शकेल असे पदार्थ तयार होतात, म्हणून आपल्या देशात १९९७ साली अशा ७० रंगांवर बंदी आली. सुट्या पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आता खरं काम. कोमट पाण्यात रंग ढवळा, भिजलेली लोकर सोडा, आच हळूहळू वाढवा. अर्धा-पाऊण तासात पाणी उकळीच्या जवळ यावं. लिंबूफूल विरघळवून थोडं थोडं घाला, लोकर बाजूला सारून. एकदम घातलं तर जिथं पडलं तिथंच रंग गडद धरतो. मग तेवढ्याच आचेवर आणखी अर्धा ते पाऊण तास ठेवा. खळाखळा उकळू नका, फार ढवळू नका, लोकर गच्च होऊन नमदा होतो. रेशमाला तर उकळी लागूच देऊ नका, चकाकी जाते.

आणि पळीनं पाणी वर काढून बघत राहा. रंग लोकरीत शिरतो तसं पाणी निवळत जातं. आंबट आणि उष्णता पुरेशी मिळाली की पाणी जवळजवळ पाण्यासारखं होतं. आम्ही नेमकं तिथंच घाई केली होती. अर्ध्या तासानंतरही पाणी लाल दिसलं तर चमचाभर लिंबूफूल आणखी घाला आणि थांबा. तरीही लालच राहिलं तर रंग जास्त पडलाय, त्याच पाण्यात पुढचा छोटा घाणा फिक्या छटेचा काढा.

पातेलं झाकून तसंच निवू द्या. गरम लोकर थंड नळाखाली धरली की आटलीच म्हणून समजा. धुतल्यावर ओली लोकर पांढऱ्या फडक्यावर चोळून बघा. फडकं पांढरं राहिलं तरच माल बाहेर जातो, असं आता आमच्या वहीत लिहिलंय. उरलेलं पाणी विहिरीपासून आणि जनावरांच्या हौदापासून लांब ओता.

त्या १२ आसनांचं काय केलं विचाराल. लिंबूफुलाच्या गरम पाण्यात ती पुन्हा तासभर ठेवली. सुटा रंग बराचसा बसला, फडकं कोरं निघालं, पण आसनं चार-चार बोटं आटली. दहा कमी भावात गेली. दोन आमच्या बैठकीच्या खोलीत आहेत, त्यावर कोण बसायचं यावरून दर महिन्याला हसाहशी होते.