घराच्या भावाला एकच गज



घराचा भाव कधी उतरत नाही, हा समज केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेतही तो दृढ होता. प्रा. कार्ल केस यांनी तो तपासण्यात आयुष्याची अनेक वर्षे वेचली. हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून १९७६ साली ते बॉस्टनजवळच्या वेलस्ली या महिला महाविद्यालयात रुजू झाले आणि २०१० पर्यंत तेथेच शिकवीत राहिले. आरंभी त्यांचा विषय मालमत्ता कर हा होता.

१९८०च्या दशकाच्या मध्यास बॉस्टनमध्ये घरांचे भाव भडकले. किती भडकले, हे सांगणे मात्र कठीण. एका वर्षी प्रशस्त बंगले अधिक विकले जातात, दुसऱ्या वर्षी लहान घरे. त्यांची सरासरी काढणे म्हणजे मलमल आणि मांजरपाट एकाच भावात धरणे. म्हणून केस यांनी एकच घर दोनदा विकले गेले असेल, तर त्या दोन किमतींतील फरक तेवढा हिशेबात घेतला. ही रीत १९६३ मध्येच मांडली गेली होती, पण तिचा खरा उपयोग त्यांनी करून दाखविला. उत्पन्न, रोजगार, व्याजदर पाहता भाव सुमारे १५ टक्के वाढावयास हवे होते. १९८८ पर्यंत ते १४० टक्क्यांहून अधिक वाढले.

उरलेली वाढ आली कोठून? रॉबर्ट शिलर यांच्यासमवेत केस यांनी १९८८ मध्ये चार ठिकाणच्या घरखरेदीदारांना प्रश्नावली धाडल्या. सुमारे ९०० उत्तरे आली. तेजीच्या गावांतील बहुतेकांना भाव चढतच राहणार अशी खात्री होती. कारणे मात्र ऐकीव. भाव चढणार म्हणून लोक घेतात, आणि घेतात म्हणून भाव चढतो. कापडबाजाराला हे निराळे सांगावयास नको.

या दोघांच्या नावाचा निर्देशांक आजही दरमहा प्रसिद्ध होतो. २००६ नंतर देशभर भाव कोसळले, लाखो कुटुंबांची घरे गेली, तेव्हा ती घसरण याच गजाने मोजली गेली. केस स्वतः गृहकर्जाचा विमा उतरविणाऱ्या एका कंपनीचे संचालक होते. तिलाही मोठा तोटा सोसावा लागला. तरीही २०१० मध्ये, सारे घाबरलेले असताना, त्यांनी वृत्तपत्रात लिहिले की, परवडत असेल तर घर घेणे शहाणपणाचे आहे. कारण मनुष्य त्यात राहतो, आणि ते राहणे हेच गुंतवणुकीचे पहिले उत्पन्न. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.