गीझरखालचा थेंब

मी जबलपूरहून बोलतोय. व्हेईकल फॅक्टरीत तीसेक वर्षं नट-बोल्ट आवळण्यात गेली. त्यामुळे गीझरचा एलिमेंट बदलायला बाहेरचा माणूस बोलवायचा, हे मला जरा कमीपणाचंच वाटलं.

डिसेंबरची थंडी. आई ८५ वर्षांची, तिला पहाटे ५ ला अंघोळ हवी. गीझर २५ लिटरचा. नवा एलिमेंट बसवला, पाणी तापलं, मी मिशीवर ताव दिला. संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, खालच्या झाकणातून टपटप होतंय."

अशा वेळी लोक खाली बादली ठेवतात. कृपा करून तसं करू नका. त्या झाकणाआड थर्मोस्टॅट आणि एलिमेंटच्या वायरी असतात. तिथं पाणी, तिथंच २३० व्होल्ट, आणि नळाखाली ओली म्हातारी बाई. मी नुसतं बटण नाही, एमसीबीच पाडला. झाकण काढून टेस्टर लावून पाहिला. आईला म्हटलं, आज चुलीवरचं, म्हणजे गॅसवरचं पाणी.

मग गळती कुठली ते शोधलं. सगळं पुसून कोरडं केलं आणि प्रत्येक जोडाखाली कागदी रुमालाचा तुकडा धरला. एक सांगतो, सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडं ठिबकलं तर घाबरू नका. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेलं की दीड-दोन पेले फुगतं, ते कुठंतरी जाणारच. आमच्याकडे मात्र एलिमेंटच्या फ्लँजखालचा कागद भिजला. म्हणजे चूक माझी.

गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी रिकामी केली, कारण वरून हवा शिरल्याशिवाय पाणी नीट उतरत नाही. फ्लँज खोलला आणि लाजच वाटली. जुनंच रबरी गॅस्केट मी "बरं दिसतंय" म्हणून परत बसवलं होतं, वर सिलिकॉनही फासलं होतं. बसायच्या जागेवर क्षाराची पांढरी खपली तशीच. आमच्या भेडाघाटचा संगमरवर ज्या कुळातला, त्याच कुळातली ही खपली. तिच्यावर रबर सपाट बसणार कसं? शिवाय बोल्ट मी एका बाजूनं ओळीनं आवळत गेलो होतो. तीस वर्षं पोरांना समोरासमोरचे बोल्ट आवळायला शिकवलं, आणि घरी येऊन हे!

बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून त्याच मापाचं नवं गॅस्केट आणलं. जुना फ्लँज पिशवीत घालून नेला होता, मापाचा वाद नको म्हणून. खपली लिंबूसत्वाच्या पाण्यानं मऊ केली आणि लाकडाच्या चिपटीनं काढली. स्क्रूड्रायव्हर लावला तर आतला काचेचा लेप खरवडतो, आणि मग टाकीच गंजते. गॅस्केट कोरडंच बसवलं. बोल्ट आधी हातानं, मग पान्यानं समोरासमोर, थोडे थोडे.

गरम नळातून अखंड धार येईपर्यंत टाकी भरली. त्याआधी वीज दिली तर नवा एलिमेंट कोरडाच जळतो. तासभर थंड पाण्यावर पाहिलं. मग तापवून, पुन्हा गार होऊ दिलं, वीज बंद करून बोल्ट जेमतेम पाव फेरा आवळले. रात्री खाली वर्तमानपत्र अंथरलं.

पहाटे पाचला आईनं हाक मारली, "अरे, पेपर कोरडा आहे. आता बाजूला हो, मला उशीर होतोय."