बटणाला नाव हवं



ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चं.
कल्याणचं सार्वजनिक वाचनालय त्याहून जुनं, १८६४चं.
वाचनाची ही ओढ आपल्याकडच्या दृष्टिहीन वाचकांनाही तितकीच आहे.

त्यांच्यासाठी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर आहे.
पडद्यावरचा मजकूर तो वाचून दाखवतो.
मराठीसुद्धा.

पण ग्रंथालयाच्या संगणकावर
शोधाच्या जागी नुसतं भिंगाचं चित्र असलं,
की तो एवढंच म्हणतो, “बटण.”

कसलं बटण?
वाचक तिथेच अडतो!

त्या चित्रामागे ‘शोधा’ हे नाव लिहायला हवं.
काम छोटंसं आहे.
पुन्हा सांगते,
प्रत्येक बटणाला नाव हवं.

ग्रंथपालांनो,
नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी एखाद्या दृष्टिहीन सभासदाला बोलवा.
माउस बाजूला ठेवा.
टॅब आणि एंटर वापरून
त्यांना हवं ते पुस्तक शोधू द्या.
सापडलं, तरच पैसे द्या.