पडद्यावरील सावत्र घर



'सावत्र' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे छळ करणारी आईच उभी राहते. हे चित्र ठसविण्यात कहाण्यांइतकाच चित्रपटांचाही वाटा आहे. 'बेटा' (१९९२) मधील सावत्र आई इस्टेटीपायी मुलाला निरक्षर ठेवते.

परंतु दुसरी बाजूही पडद्यावर आलेली आहे. बासू चटर्जी यांच्या 'खट्टा मीठा' (१९७८) मध्ये विधुर व विधवा मोठ्या मुलांसह नवा संसार मांडतात. शेखर कपूर यांच्या 'मासूम' (१९८३) मधील इंदूचा राग पतीवर असतो. त्याच्या निरपराध मुलाला मात्र ती अखेर आपलेसे करते. माया जडायला वेळ लागतो, हे येथे प्रामाणिकपणे दिसते.

चित्रपट मात्र तेथेच संपतो. आम्हा बँकेत काम करणाऱ्यांना पुढचे कागद दिसतात. बौद्धांनाही लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात स्त्रीच्या वारसांपैकी 'मुलगा' या शब्दात सावत्र मुलगा येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दिला. म्हणजे आईने मृत्युपत्र केलेले नसेल आणि तिचा पती किंवा पोटची मुले हयात असतील, तर तिने वाढविलेल्या सावत्र मुलाला तिच्या मालमत्तेत वाटा मिळत नाही. नुसते नॉमिनेशन करूनही भागत नाही, कारण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

तेव्हा पोटच्या मुलाप्रमाणे वाढविलेल्या लेकराचे नाव वेळीच मृत्युपत्रात घाला, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.