कार्यालयातील कुजबूज आणि तिचे गणित



‘यंदा बदल्या लवकर होणार’ ही वावडी सकाळी आस्थापना शाखेत उठली की दुपारच्या चहापर्यंत ती प्रत्येकाच्या कानी गेलेली असते, असा सार्वत्रिक समज आहे. डी. जे. डेली आणि डी. जी. केंडल या गणितज्ञांनी १९६४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अफवेचे जे प्रतिमान मांडले, ते या समजाला छेद देते.

आज अशी प्रतिमाने संगणकावर चालवून पाहतात. शिक्षकांना ते वर्गात चिठ्ठ्यांवरही दाखविता येईल. तीस चिठ्ठ्या म्हणजे तीस कर्मचारी. त्यांतील एक बोलका, बाकीचे कोरे. दर खेपेस डोळे मिटून दोन चिठ्ठ्या काढाव्यात व नोंद करून परत डब्यात टाकाव्यात. बोलक्याची कोऱ्याशी गाठ पडली, तर कोराही बोलका होतो. बातमी आधीच ठाऊक असलेला भेटला, तर बोलक्याची सांगण्याची हौस सरते व तो गप्प होतो. दोघेही बोलके असतील, तर दोघेही गप्प होतात. एकही बोलका उरला नाही, की खेळ संपला. खोटी ठरण्याआधीच अफवा शिळी होऊन थांबते, हे मनुष्यस्वभावाचे मर्म या नियमांत नेमके आले आहे.

लहान खेळात निकाल बराच खालीवर होतो. समूह मोठा असेल, तर मात्र सुमारे २० टक्के लोक अखेरपर्यंत कोरेच राहतात.

प्रत्यक्ष कार्यालयात सगळेच सारखे बोलके नसतात, ही या प्रतिमानाची उणीव. कीथ डेव्हिस यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अमेरिकन कंपनीच्या अभ्यासात, एका अधिकाऱ्याच्या संभाव्य राजीनाम्याची वार्ता ८१ टक्के अधिकाऱ्यांना ठाऊक होती. ती पुढे सांगणारे होते अवघे ११ टक्के.

आता खुलाशाचा विचार करावा. पाचशे जणांच्या कार्यालयात अफवा चारशेंपर्यंत जाते. साहेबांनी दोघाचौघांना बोलावून ‘तसे काही नाही, बाहेर सांगा’ म्हटले, तर तो खुलासाही याच वाटेने जातो आणि शंभर जणांना चुकवतो. दोन्ही गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्रपणे पसरल्या असे धरले, तर त्या शंभरांतील सुमारे ऐंशी जणांनी अफवा ऐकलेली असते. लेखी परिपत्रक प्रत्येकाच्या टेबलावर फिरवून सही घेण्याची जुनी, कंटाळवाणी पद्धत या ऐंशी जणांसाठी आहे.